मल्टिपल स्क्लेरोसिसची कारणमीमांसा : मुंबई-ठाणे परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू, मज्जारज्जू आणि नेत्रचेता यांना ग्रासणारा दीर्घकालीन विकार होय. चेतातंतूंभोवती मायलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच या आवरणावर हल्ला करते आणि जागोजागी कठीण चट्टे निर्माण होतात. अंधुक दिसणे, हातापायांना बधिरता येणे, तोल जाणे, पराकोटीचा थकवा वाटणे ही त्याची नेहमीची लक्षणे. बहुसंख्य रुग्णांत तो वीस ते चाळीस या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. मल्टिपल स्क्लेरोसिस इंटरनॅशनल फेडरेशनच्या 2020 च्या पाहणीनुसार जगात सुमारे 28 लाख लोक या विकारासह जगत होते.

हा विकार थंड प्रदेशांतील गोऱ्या लोकांचा असून भारतात तो अपवादानेच आढळतो, अशी समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ होती. या समजुतीला छेद देणारे महत्त्वाचे संशोधन मुंबईत झाले. विकाराच्या कारणांचा शोध कोणत्या टप्प्यांतून गेला, त्यात मुंबई परिसराचा वाटा कोणता आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कारणमीमांसेचा आरंभ

पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयातील ज्याँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या विकाराचे स्वतंत्र आणि सुस्पष्ट वर्णन केले. रुग्णाच्या हयातीतील लक्षणे आणि मृत्यूनंतर मेंदूत दिसणारे चट्टे यांची त्यांनी सांगड घातली. मात्र कारणांविषयी त्यांना ठामपणे काही सांगता आले नाही. ओलसर थंडी, दुःख, मनस्ताप, सामाजिक परिस्थितीतील प्रतिकूल बदल अशा गोष्टींचा त्यांनी उल्लेख केला. त्यांचे शिष्य पिएर मारी यांनी 1884 मध्ये जंतुसंसर्ग हे कारण पुढे केले. तो काळ पाश्चर आणि कॉख यांच्या जंतुशास्त्राचा होता. त्यामुळे प्रत्येक रोगामागे एक जंतू असावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. पुढील काही दशके अनेकांनी असा जंतू सापडल्याचे दावे केले; त्यांपैकी एकही दावा टिकला नाही.

1930 च्या दशकात न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत टॉमस रिव्हर्स यांनी माकडांना मेंदूच्या ऊतींचा अर्क वारंवार टोचून त्यांच्या मेंदूत मायलिनचा नाश घडवून आणला. बाहेरचा जंतू नसतानाही शरीर स्वतःवर उलटू शकते, हे या प्रयोगांनी सूचित केले. 1940 च्या दशकात एल्विन कॅबट यांनी रुग्णांच्या मस्तिष्कमेरू द्रवात विशिष्ट प्रतिपिंडांचे वाढलेले प्रमाण दाखवून दिले. अशा रीतीने शोधाचा रोख जंतूकडून प्रतिकारशक्तीकडे वळला. परंतु प्रतिकारशक्ती मुळात का बिघडते, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

भूगोल आणि स्थलांतर

या प्रश्नाचे उत्तर नकाशात शोधण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. अमेरिकेतील जॉन कुर्त्झके आदी अभ्यासकांनी विषुववृत्तापासून दूर जावे तसे विकाराचे प्रमाण वाढते, असे दाखवून दिले. जेफ्री डीन यांनी 1960 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत केलेला अभ्यास याहून उद्बोधक ठरला. युरोपातून तेथे गेलेल्या लोकांत प्रमाण अधिक होते, तर तेथेच जन्मलेल्या गोऱ्या लोकांत ते कमी होते. त्यापुढील विश्लेषणात असे दिसले, की ज्यांनी वयाच्या पंधराव्या वर्षापूर्वी स्थलांतर केले त्यांच्यात धोका कमी राहिला. म्हणजे बालपण कोठे गेले, याला महत्त्व होते.

भारताच्या दृष्टीने डीन यांचाच आणखी एक अभ्यास मोलाचा आहे. मार्टा एलियन यांच्यासमवेत त्यांनी ब्रिटनमधील भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांची पाहणी केली. उपखंडात जन्मून ब्रिटनला गेलेल्या पिढीत हा विकार क्वचित आढळत होता. परंतु 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांत तो स्थानिक लोकसंख्येच्या जवळपास जाणाऱ्या प्रमाणात दिसू लागला होता. एका पिढीत आनुवंशिकता बदलत नाही. बदलते ती परिस्थिती. भारतीय वंश हेच संरक्षक कवच आहे, ही समजूत यामुळे उरली नाही.

मुंबईतील संशोधन

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत चेताविज्ञानाची एक समर्थ परंपरा उभी राहिली. ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय, के. ई. एम. रुग्णालय आणि बॉम्बे हॉस्पिटल ही तिची प्रमुख केंद्रे. डॉ. दाराब दस्तूर आणि डॉ. भीमसेन सिंघल यांनी 1973 मध्ये मुंबईतील दोन रुग्णांचा विकार ऊतिपरीक्षणाने सिद्ध झाल्याचे प्रसिद्ध केले. 1975 मध्ये डॉ. सिंघल आणि डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबई परिसरातील या विकाराचे चिकित्सात्मक चित्र मांडले. लक्षणांवरून केलेले निदान शंकास्पद मानले जाण्याच्या काळात या लेखनाला विशेष महत्त्व होते. विकार येथेही आहे, हे त्यांनी पुराव्यानिशी नोंदवले.

त्यानंतरचा टप्पा पारशी समाजाच्या अभ्यासाचा. डॉ. नादिर भरुचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मुंबईतील पारशी समाजात या विकाराचे प्रमाण एक लाख लोकांमागे सुमारे 26 असल्याचे प्रसिद्ध केले. उत्तर युरोपच्या तुलनेत हा आकडा लहान असला, तरी भारताविषयीच्या तत्कालीन अनुमानांच्या तुलनेत तो फार मोठा होता.

या आकड्याचा अर्थ लावताना ठाणे जिल्ह्याचा इतिहासही ध्यानात घ्यावा लागतो. इराणमधून आलेल्या पारशांचे पहिले मोठे वसतिस्थान मानले जाणारे संजाण 1960 पूर्वी जुन्या ठाणे जिल्ह्यात मोडत असे. संजाण पडल्यानंतर पवित्र अग्नी ज्या बहारोट डोंगरावर नेल्याची परंपरा सांगितली जाते, तो डहाणू तालुक्यात आहे. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू-बोर्डीचा हा पट्टाही ठाणे जिल्ह्यातच होता. खुद्द ठाणे शहरातही पारशी वस्ती व अग्यारी आहे. अनेक शतके शेजारी राहूनही या समाजाने विवाहसंबंध आपल्यातच ठेवले. त्यामुळे त्यांच्यातील अधिक प्रमाणाचे श्रेय इराणी मूळ व आनुवंशिकता यांना देणे सोपे होते. परंतु हाच समाज लवकर शहरी झाला. त्यांच्यात विवाहाचे वय वाढले, कुटुंबे लहान झाली, घरे प्रशस्त व स्वच्छ झाली. आनुवंशिकता आणि राहणीमान हे दोन्ही घटक एकाच समाजात एकवटल्याने केवळ या आकड्यावरून त्यांची वाटणी करता येत नाही. इराणमधील तेहरान व इस्फहान या शहरांत अलीकडच्या दशकांत विकाराचे प्रमाण झपाट्याने वाढले, ही बाब परिस्थितीच्या बाजूने साक्ष देते.

निदानाची साधने आणि ‘दुर्मीळते’चा प्रश्न

भारतात विकार दुर्मीळ दिसण्यामागे निदानाच्या साधनांचा अभाव हेही एक कारण होते. एम. आर. आय. चाचणीत हे चट्टे दिसतात, हे 1981 मध्ये प्रथम दाखवले गेले. भारतीय शहरांत ही यंत्रे पसरू लागल्यावर निदान झालेल्या रुग्णांची संख्या वाढली. कर्नाटकातील मंगळूर शहरात डॉ. लेखा पंडित यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण एक लाखामागे आठच्या पुढे आढळले. हा आकडा जुन्या अनुमानांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुसरीकडे काही रुग्ण या गटातून वगळलेही गेले. आशियाई रुग्णांत नेत्रचेता व मज्जारज्जू यांनाच प्रामुख्याने बाधा होते, असे पूर्वी मानले जाई. 2004 मध्ये व्हॅन्डा लेनन व सहकाऱ्यांनी अशा अनेक रुग्णांत आढळणाऱ्या एका विशिष्ट प्रतिपिंडाचा शोध लावला. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळाच विकार असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. हा भेद उपचारांच्या दृष्टीनेही निर्णायक आहे. कारण मल्टिपल स्क्लेरोसिसवरील काही औषधे या दुसऱ्या विकारात अपायकारक ठरतात.

विषाणूकडे पुनरागमन

एकविसाव्या शतकात संशोधनाच्या अनेक धारा एकत्र आल्या. विकाराचा एच. एल. ए. जनुकांशी असलेला संबंध 1970 च्या दशकातच आढळला होता. 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने धोका वाढवणारी 233 जनुकीय स्थाने नोंदवली. तरीही जनुके एकसारखी असलेल्या जुळ्या भावंडांपैकी एकाला विकार झाला, तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साधारणतः चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा इतकेच असते. म्हणजे जनुके भूमी तयार करतात. बीज अन्य ठिकाणाहून येते. धूम्रपान, पौगंडावस्थेतील स्थूलता आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता हे धोका वाढवणारे घटक मानले जातात.

जानेवारी 2022 मध्ये हार्वर्ड येथील अल्बर्टो अॅशेरियो यांच्या गटाने अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर विकाराचा धोका 32 पट वाढतो, असे त्यात दिसले. अन्य विषाणूंच्या बाबतीत अशी वाढ दिसली नाही. त्याच महिन्यात स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी या विषाणूच्या एका प्रथिनाचे मेंदूतील प्रथिनाशी असलेले साम्य दाखवले. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे आपल्याच ऊतीला शत्रू समजत असावीत, असा त्याचा अर्थ. पिएर मारी यांची 1884 मधील कल्पना अशा प्रकारे वेगळ्या रूपात परतली. या विषाणूविरुद्धच्या लशींच्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत.

तथापि, हा विषाणू जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो आणि त्यांतील अत्यल्प लोकांनाच हा विकार होतो. तेव्हा विषाणू हे आवश्यक कारण असू शकेल, पुरेसे कारण नव्हे. येथे संसर्गाचे वयही महत्त्वाचे ठरते. दाटीच्या वस्तीत तो बालपणीच, बहुधा नकळत होऊन जातो. किशोरवयात किंवा त्यानंतर झाल्यास ग्रंथिज्वर उद्भवू शकतो आणि ग्रंथिज्वर होऊन गेलेल्यांत या विकाराचा धोका अधिक असतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीचा संदर्भ

बोरीबंदर ते ठाणे हा लोहमार्ग 1853 मध्ये सुरू झाला आणि 1854 मध्ये तो कल्याणपर्यंत पोहोचला. 1960 च्या दशकात वागळे इस्टेट व डोंबिवली येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. ठाणे महानगरपालिका 1982 मध्ये, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका 1983 मध्ये अस्तित्वात आली. 2011 च्या जनगणनेनुसार या दोन शहरांची लोकसंख्या अनुक्रमे सुमारे 18.4 लाख आणि 12.5 लाख होती. चाळीतील भरलेल्या खोल्यांकडून बंद दारांच्या सदनिकांकडे, अनेक भावंडांच्या घराकडून एका-दोन मुलांच्या घराकडे झालेला प्रवास येथे दोन पिढ्यांत घडला. डीन व एलियन यांना जो बदल समुद्र ओलांडून गेलेल्या कुटुंबांत दिसला, त्याच्याशी नाते सांगणारा बदल येथे घर न सोडताही घडला आहे. बालपणीच्या संसर्गांविषयीचा सिद्धान्त पडताळून पाहण्यासाठी ही शहरे म्हणूनच महत्त्वाची ठरतात.

मंगळूरचे प्रमाण येथे लागू केल्यास 2011 च्या लोकसंख्येत अडीचशेच्या आसपास रुग्ण असावेत. हा केवळ गणिती अंदाज आहे. परंतु प्रश्नाची व्याप्ती ध्यानात येण्यास तो पुरेसा आहे. हे रुग्ण मुख्यतः तरुण आहेत, त्यांत स्त्रिया अधिक आहेत आणि त्यांच्या शिक्षणाचा, नोकरीचा, विवाहाचा काळ हाच आहे. गर्दीच्या लोकलने मुंबईतील तज्ज्ञांपर्यंत पोहोचणे हेच त्यांपैकी अनेकांपुढील पहिले आव्हान असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने या विकाराचा समावेश 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला आहे. वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या विद्यार्थ्याला किंवा सहकाऱ्याला सवलत का हवी, हे समजून घेण्याची जबाबदारी शैक्षणिक संस्थांवर त्यामुळे कायद्यानेही येते.

कारणांविषयीच्या अर्धवट माहितीचे सामाजिक परिणामही होतात. ‘आनुवंशिक’ म्हटले की कुटुंबाच्या माथी दोष येतो. ‘विषाणू’ म्हटले की स्पर्शाचे भय निर्माण होते. वस्तुतः आई किंवा वडिलांना हा विकार असल्यास अपत्याला तो होण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांच्या आसपास असते आणि हा विकार संसर्गजन्य नाही. एकाच कारणाचा व एकाच इलाजाचा दावा किती महाग पडतो, याचेही उदाहरण आहे. 2009 मध्ये इटलीतील पाओलो झांबोनी यांनी मानेतील शिरांचा संकोच हे कारण मांडले. अनेक देशांतील रुग्णांनी त्यासाठी खर्चीक शस्त्रक्रिया करून घेतल्या. अखेरीस 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खुद्द झांबोनी यांच्याच नेतृत्वाखालील चाचणीत हा उपचार निष्प्रभ ठरला.

निष्कर्ष

दीडशे वर्षांच्या या शोधाने एका कारणाची अपेक्षा हळूहळू सोडून दिली आणि जनुके, विषाणू, बालपण व राहणीमान यांच्या संयोगाची कल्पना स्वीकारली. या प्रवासात मुंबईतील चिकित्सकांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या : विकार भारतात आहे, आणि एकाच शहरातील दोन समाजांत त्याचे प्रमाण भिन्न असू शकते. पारशी समाजाचा अभ्यास शक्य झाला, कारण तो समाज लहान, संघटित आणि नोंदी ठेवणारा होता. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या संमिश्र, वेगाने बदलणाऱ्या शहरांचा अभ्यास अधिक कठीण आहे. पण राहणीमानातील बदलाचा परिणाम तपासायचा तर तो अशाच शहरांत तपासावा लागेल. महापालिकांची रुग्णालये, खासगी चेताविकारतज्ज्ञ आणि महाविद्यालयांतील समाजशास्त्र व भूगोल विभाग यांनी एकत्र येऊन स्थानिक नोंदवही सुरू केल्यास हे कार्य साध्य होण्यासारखे आहे. ज्या रुग्णाची नोंद होत नाही, तो विज्ञानाच्या लेखी नसतोच. आणि मग विकार दुर्मीळ असल्याची जुनी समजूत पुन्हा खरी वाटू लागते.