निर्लेखित खुर्च्या

सरकारी खुर्चीविषयी आपण मराठी माणसं पुष्कळ बोलतो, पण ते बोलणं खुर्चीवर बसलेल्या माणसाविषयी असतं. आज मी खरोखरच्या, लाकडाच्या खुर्चीविषयी बोलणार आहे.

१९४७ साली फाळणी झाली, लाहोर पाकिस्तानात गेलं आणि आपल्याकडच्या पंजाबला राजधानीच उरली नाही. म्हणून चंदीगड वसवायचं ठरलं. १९५१ साली ल कॉर्बुझिए हे जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी या कामासाठी आले. सोबत त्यांचे चुलतभाऊ पिअर जानेरे होते. ल कॉर्बुझिए वर्षातून थोडे दिवस येत आणि परत जात. जानेरे मात्र १९६५ पर्यंत तिथेच राहिले. नाव एकाचं झालं, रोजचा विटा-चुन्याचा कारभार दुसऱ्यानं पाहिला. हे आपल्याकडेही घरोघर चालतं म्हणा!

सचिवालय, उच्च न्यायालय, विद्यापीठ उभं राहायचं म्हणजे खुर्च्या, टेबलं, फायलींचे मांडे हजारोंनी लागणार. जानेरे, युली चौधरी आणि त्यांचे सहकारी यांनी त्यांचे नमुने आखले आणि काम इथल्याच सुतारांकडे दिलं. लाकूड साग किंवा शिसवीचं, बैठक आणि पाठ वेताची. दोन्ही बाजूंचे पाय कर्कटक उघडून ठेवावं तसे, वर हात टेकायला आडवी पट्टी. नक्षी नाही, गादी नाही. सागाला वाळवी सहसा लागत नाही. वेताच्या जाळीतून वारा खेळतो, त्यामुळे पंजाबच्या उन्हाळ्यात कारकुनाची पाठ भिजत नाही. पाय ढिला झाला तर गल्लीतला सुतार तो ठोकून देतो, वेत तुटला तर तेवढाच नवा विणायचा. पर्यावरण हा शब्द कचेऱ्यांच्या भिंतींवर लागण्याआधीचं हे फर्निचर आहे.

पण ही सगळी हुशारी एका माणसावर उभी होती. वेत विणणाऱ्यावर. आपल्याकडे सरकारी कार्यालयांत आणि रेल्वेत हे काम बहुधा अंध कारागिरांकडे असे. अंधशाळांतून ते शिकवलं जाई. आमच्या तालुक्याच्या कचेरीत व्हरांड्यात बसून खुर्ची विणणारे एक काका मी पाहिले आहेत. भिजवलेल्या वेताची पट्टी बोटांनी चाचपत ते अष्टकोनी भोकांची ती जाळी अशी भरत, की डोळस माणसाचा एखादा टाका चुकावा, त्यांचा चुकत नसे. पुढे फोमच्या गाद्या आल्या, लोखंडी नळ्यांच्या खुर्च्या आल्या, मग प्लास्टिक आलं. स्पंज बसला की ती खुर्ची कुणी दुरुस्त करत नाही, नवी मागवतात. विणणाऱ्याचं काम गेलं आणि वेताची खुर्ची मोडकी ठरली.

चंदीगडातही तेच झालं. वेत फाटलेल्या खुर्च्या गच्च्यांवर आणि आवारात ढिगांनी पडल्या, भंगार म्हणून लिलावात निघाल्या. सरकारी भाषेत याला निर्लेखन म्हणतात, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरातून नाव काढून टाकणं. कवी म्हणून मला या शब्दाची नेहमीच धास्ती वाटत आली आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी व्यापाऱ्यांनी हे ढीग विकत घेतले, लाकूड घासलं, वेत नव्यानं विणून घेतला आणि युरोप-अमेरिकेतल्या लिलावांत त्याच खुर्च्या लाखो रुपयांना गेल्या. गंमत पाहा, पाठीवर रंगानं लिहिलेलं खातं आणि क्रमांक त्यांनी पुसला नाही. अस्सलपणाचा पुरावा म्हणून त्यानंच भाव वाढला. रजिस्टरातून खोडलेलं लाकडावर शिल्लक राहिलं.

यात चोरी नव्हती. सरकारनं रीतसर विकलं, व्यापाऱ्यानं रीतसर घेतलं. १९७२ च्या कायद्यानुसार अशी वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षं जुनी असावी लागते, आणि या खुर्च्या तर उण्यापुऱ्या पन्नाशीच्या. त्यामुळे बाहेरचे लिलाव थांबवणं अवघड गेलं. अखेर २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयानं हे फर्निचर विकू नका, जपा, असा आदेश काढला. २०१३ साली एमी सीगल या अमेरिकी कलावतीनं 'प्रोव्हनन्स' नावाचा चित्रपट केला. त्यात या खुर्च्यांचा प्रवास उलटा दिसतो: आधी श्रीमंतांचे दिवाणखाने, मग लिलाव, जहाज आणि शेवटी चंदीगडची कचेरी.

जानेरे १९६७ साली जिनिव्हात वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे १९७० साली त्यांच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात सोडल्या. सेक्टर पाचमधल्या त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालं आहे. लिलावाच्या गुळगुळीत पुस्तकांत त्यांचं नाव ठळक असतं, हल्ली कधी कधी युली चौधरींचंही दिसतं. त्या पायांचा उतार रंध्यानं साधणाऱ्या सुतारांची नावं मात्र तिथे नसतात.