पारोच्या कबरीवरचा मजकूर

लेणी पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक अजिंठा गावात थांबतात. लेण्यांपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या या गावात पारोची कबर आहे. मी पहिल्यांदा गेलो तो ना. धों. महानोरांचं 'अजिंठा' वाचून, त्यामुळे पारो आपल्या ओळखीची आहे अशाच थाटात. कबरीवरचा इंग्रजी मजकूर वहीत उतरवला आणि ओळख संपली. प्रिय पारोचं स्मरण, २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख, मेजर रॉबर्ट गिलचं नाव. बस्स. वडिलांचं नाव नाही, जात नाही, वय नाही.

मी विद्यापीठातला इतिहासकार नव्हे. जन्मभर हिशेब लिहिले. व्हाउचर नसेल तर रक्कम धरायची नाही, एवढीच माझी संशोधनपद्धती. त्या हिशेबाने पारोच्या नावावर काय जमा होतं, ते पाहायचं ठरवलं.

गिलच्या बाजूला कागद भरपूर. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमला गेला. त्याने लंडनला पाठवलेली मोठी तैलचित्रं क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. डिसेंबर १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक जळाली. पारोच्या बाजूला मात्र कोरं पान, आणि त्याला कारण आहे. कंपनीच्या दफन-नोंदी ठेवायचे ते पाद्री, ख्रिस्ती माणसांच्या. शिवाय अजिंठा निजामाच्या मुलखात, आणि त्या संस्थानाची पहिली जनगणना १८८१ ची. तोवर पारोला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

कोऱ्या पानावर गोष्टी उगवतात. आदिवासी पोर, नर्तकी, चित्रकाराची प्रेरणा; २०१२ मध्ये सिनेमाही आला. कवीला तो अधिकार आहेच, माझी तक्रार नाही. पण गावातल्या चहाच्या टपरीवर एका गृहस्थांनी मला ठासून सांगितलं, "पारो गेली आन् साहेबानं ब्रश टाकला, तो कायमचा." हे मात्र जमेला धरता येत नाही. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लेण्यांवरची जी पुस्तकं लंडनला निघाली, त्यांतले फोटो गिलचे. म्हणजे पारोनंतरही तो कॅमेरा घेऊन याच डोंगरांत होता. त्याची स्वतःची कबर भुसावळला आहे. विरहाने माणूस मोडला, ही आपली हौस; तो काम करत राहिला, हा पुरावा. मला दुसरं जास्त खरं वाटतं, आणि जास्त जड.

मग दगडाकडे परत आलो. गिल विवाहित होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या साहेबांच्या मृत्युपत्रांत हिंदी सहचारिणींचे उल्लेख सर्रास असतात. १८५० च्या सुमारास ते जवळजवळ नाहीसे होतात. संबंध संपले नव्हते, लिहिणं बंद झालं होतं. अशा काळात एका मेजरने आपल्या हुद्द्यासकट, 'प्रिय' या शब्दासकट, तिचं नाव उघड्यावर दगडात कोरून घेतलं. इंग्रजीत, म्हणजे वाचणार ते त्याचेच जातभाई. ही नोंद मी पक्की धरतो.

अजिंठ्यात आणखी एका इंग्रजाचं कोरीव अक्षर आहे. १८१९ च्या एप्रिलमध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने दहाव्या लेण्यात बुद्धाच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख खरडली. गाइड ते हमखास दाखवतात. पारोच्या कबरीकडे बस थांबत नाही.

जुनी तारीख सापडली की वार काढायची मला खोड आहे. २३ मे १८५६ ला शुक्रवार येतो. वहीत पारोच्या पानावर, तारखेपुढे, तेवढा एक शब्द माझ्या हातचा आहे.