झाडाची उंची : अंदाजाच्या सोप्या रीती

वर न चढता जमिनीवरूनच झाडाची उंची काढण्याच्या बहुतेक सोप्या रीती समरूप त्रिकोणांच्या नियमावर उभ्या आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (1150) छायाव्यवहारात शंकूच्या, म्हणजे उभ्या खुंटीच्या, सावलीवरून दिव्याची उंची काढण्याचा हिशोब येतो, जमिनीत उभी रोवलेली काठी आणि झाड यांच्या सावल्यांचे गुणोत्तर मांडणे ही त्याच जातीची रीत. शाळेत शिकवली जाते ती 45 अंशांची. चौरस कागद कर्णावर दुमडायचा, एक बाजू आडवी धरायची आणि कर्णाच्या रेषेत शेंडा दिसेपर्यंत मागे सरकायचे. खोडापर्यंतच्या अंतरात डोळ्याची उंची मिळवली की झाडाची उंची आली. या कोनाची शिफारस निराधार नाही. कोन मोजताना एका अंशाची चूक झाली, तर 45 अंशांवर उत्तर साडेतीन टक्क्यांनीच बिघडते. इतर कोणत्याही कोनावर ते याहून अधिक बिघडते. तरीही आंबा, वड, पर्जन्यवृक्ष अशा पसरट झाडांसाठी हा सल्ला चुकीचा आहे.

या हिशोबात शेंडा बरोबर खोडाच्या वर आहे असे धरलेले असते. पसरट झाडाचा जवळून दिसणारा सर्वांत वरचा बिंदू मात्र बहुधा पाहणाऱ्याकडे झुकलेल्या फांदीचा असतो, खरा माथा तिच्यामागे दडलेला. ती फांदी खोडाच्या 3 मीटर अलीकडे असेल, तर 45 अंशांवर ती आहे त्यापेक्षा 3 मीटर उंच ठरते. आणखी दूर जाऊन 30 अंशांवर पाहिले तर हीच चूक 1.7 मीटरवर येते, आणि एका अंशाच्या चुकीचे मोल साडेतीनवरून जेमतेम चार टक्क्यांवर जाते. वीस मीटरच्या झाडाला हा वाढीव अर्धा टक्का म्हणजे दहा सेंटिमीटर. सावलीचेही असेच. पाच मीटर त्रिज्येचा गोल माथा असेल तर सावलीचे टोक माथ्याचे नसून कडेचे असते. सूर्य 45 अंशांवर असताना उत्तर दोन मीटरने फुगते, 30 अंशांवर पाऊण मीटरने. महाराष्ट्रात मेच्या भर दुपारी तर सावली झाडाखालीच गोळा होते.

दूर उभे राहिल्यास गणित अवघड होईल, असा एक आक्षेप घेतला जातो. पण शाळेची 30 सेंटिमीटरची फूटपट्टी डोळ्यापासून 60 सेंटिमीटरवर उभी धरून बुंध्यापासून शेंड्यापर्यंतचे झाड तिच्यात नेमके बसवले, की उंची अंतराच्या निम्मी; डोळ्याची उंचीही मिळवावी लागत नाही. अंतर मात्र आडवे हवे. 20 अंशांच्या उतारावरून फीत टाकली तर उंची सहा टक्क्यांनी जास्त येते. दाट रानात मागे सरकायला जागा नसते, हा आक्षेप खरा आहे. तिथे समोरासमोरच्या दोन बाजूंनी सारख्याच अंतरावरून मोजून सरासरी घ्यावी, म्हणजे झाड कललेले असल्यास झुकावाची चूक बरीचशी कटते. कललेल्या एकट्या माडासाठी त्याच्या झुकावाशी काटकोनात उभे राहिले तरी भागते. खोडापर्यंतचे अंतर आणि शेंड्याचा कोन यांवर चालणारे मोबाइल अ‍ॅपही हाच त्रिकोण सोडवते; त्यामुळे पडद्यावर दशांशात उत्तर आले तरी फांदीची चूक तशीच राहते. लेझरने थेट शेंड्यापर्यंतचे तिरके अंतर मोजले तरच ती टळते, कारण मग खोड कुठे आहे याला महत्त्व उरत नाही. कॅलिफोर्नियात 2006 साली सापडलेल्या सुमारे 116 मीटरच्या ‘हायपेरियन’ या रेडवुडची उंची पक्की करायला मात्र माणसांना वर चढून फीत खाली सोडावी लागली.