फुंका!

2018 च्या 31 डिसेंबरची रात्र. ठाण्याला नातेवाइकांकडचा कार्यक्रम आटोपून आम्ही घरी निघालो होतो. गाडी भावजी चालवत होते, मी शेजारी, मागे ताई आणि भाची. (भावजी हे वाचतीलच. त्यांना विचारूनच लिहितोय, तेव्हा ताई, लगेच फोन करू नकोस!) त्यांनी दोन मोठे पेग घेतलेले मी पाहिले होते. निघताना किल्ली मागावी असं वाटलं होतं. पण घरच्या जावयाकडे किल्ली मागायची कशी? नाही मागितली.

पुलाखाली नाकाबंदी. हवालदाराने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि पुढची दहा मिनिटं भावजींनी जो काही अभिनय केला... खाली उतरून ताठ उभे राहिले. इंग्रजी सुरू केलं. कुठल्याशा साहेबांचं नाव घेतलं. "मी सरळ उभा आहे की नाही, तुम्हीच बघा!" पोरगेलासा हवालदार सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "साहेब, फुंका."

आकडा आला 61. मर्यादा 30.

नंतर कितीतरी दिवस मी विचार करत होतो, की नीट उभं राहिलं, नीट बोललं की सुटतो, हे आपल्या डोक्यात आलं कुठून? जुनं वाचू लागलो तेव्हा कळलं, की एके काळी ते अगदी खरं होतं!

दारू पिऊन मोटार चालवल्याबद्दल शिक्षा झालेला पहिला माणूस म्हणून लंडनच्या जॉर्ज स्मिथचं नाव घेतात. हा टॅक्सीवाला. 10 सप्टेंबर 1897 ला त्याने आपली विजेवरची टॅक्सी एका इमारतीवर नेऊन आदळली. त्याने गुन्हा कबूल केला, म्हणून काम सोपं झालं. कबूल केलं नसतं तर? मग पुरावा काय, तर चाल, बोलणं, तोंडाचा वास. म्हणजे माणसाचं वागणं हाच पुरावा. ज्याला दारू पचवून ताठ चालता येतं तो सुटणार, आणि मुळातच अडखळत बोलणारा बिचारा अडकणार.

हे मोडलं ते अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात. तिथल्या विद्यापीठातले प्राध्यापक रोला हार्गर यांनी 1931 मध्ये 'ड्रंकोमीटर' तयार केला. माणसाने फुगा फुगवायचा, मग ती हवा पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणातून सोडायची. रंग किती बदलतो त्यावरून दारूचा अंदाज. इंडियानापोलिसच्या पोलिसांनी तो पहिल्यांदा वापरात आणला त्याची तारीख बघा, 31 डिसेंबर 1938! (भावजी, तुम्ही एकटे नाही.) पुढे 1954 मध्ये इंडियाना राज्याच्या पोलीस खात्यातल्या रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी सुटसुटीत 'ब्रेथलायझर' बनवला. ब्रिटनमध्ये 1967 पासून रस्त्यावर फुंकणं आलं.

आपल्याकडे? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तोंडाला वास, डळमळती चाल, अडखळतं बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारूच्या अमलाखाली होता असा निष्कर्ष काढता येत नाही. रक्ताची तपासणी हवी. मोटार वाहन कायदा 1988 चा. 1994 च्या दुरुस्तीने त्याच्या कलम 185 मध्ये 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅम ही मर्यादा आणि तपासणीचं यंत्र, दोन्ही आलं.

कायदा होता, पण रस्त्यावर यंत्र क्वचितच दिसे. 12 नोव्हेंबर 2006 च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. 2007 मध्ये मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जोरदार मोहीम उघडली आणि फुंकणं आपल्या ओळखीचं झालं. त्या खटल्यातली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायम केली.

मग नाकाबंदीत वागायचं कसं? फारसं काही करायचं नसतं. गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद, लायसन काढायचं, फुंकायचं, आकडा आपल्या डोळ्यांनी बघायचा. फुंकायला नकार दिला आणि दारूचा संशय असेल तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. तशी अटक झालीच, तर दोन तासांत डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी, नाहीतर सोडावं लागतं. हा आपला हक्क, तो शांतपणे सांगावा. हुज्जत घालू नये, खिशाकडे हात तर मुळीच नेऊ नये. यंत्राला इंग्रजी कळत नाही.

भावजींनी कोर्टात दंड भरला. तेव्हा तो दोन हजारांपर्यंत होता, 2019 च्या दुरुस्तीने दहा हजार झाला. त्या रात्री गाडी तिथेच राहिली. आम्ही चौघं रिक्षात कोंबून बसलो. कुणीच बोलत नव्हतं. सायनच्या आसपास भाचीने विचारलं, "बाबा, तुम्ही त्या काकांशी इंग्लिशमध्ये का बोलत होतात?"

भावजी बाहेर बघत राहिले. मीही.