संघराज्याच्या उंबरठ्यावरचे इंदूर

इंदूर ज्या होळकर संस्थानाची राजधानी होते, त्याचे अधिपती दुसरे यशवंतराव १९४७ मध्ये भोपाळच्या नवाबांप्रमाणेच भारतीय संघराज्यात जाण्यास नाखूश होते. अखेर सामीलनाम्याने, म्हणजे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार व दळणवळण केंद्राकडे सोपवणाऱ्या करारपत्राने, तो प्रश्न मिटला. मात्र जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या प्रजेचा कौल त्यावर घेतला गेला नाही, ही गंभीर उणीवच म्हटली पाहिजे. २८ मे १९४८ रोजी इंदूर व ग्वाल्हेर ही संस्थाने सामावणारा मध्यभारत संघ अस्तित्वात आला, तेव्हा राजप्रमुखपद, अर्थात घटनात्मक प्रमुखाचे स्थान, ग्वाल्हेरच्या जिवाजीराव शिंद्यांना लाभले आणि राजधानीही हिवाळ्यात ग्वाल्हेर व उन्हाळ्यात इंदूर अशी विभागावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा संघ मध्य प्रदेशात विलीन होऊन राजधानी भोपाळला गेली.