फुकट विद्यापीठाचं बिल कोण भरतं? बॉन, बर्लिन आणि आपले अर्ज

ज्यांना लोकलमध्ये किंवा ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे उडवलेत, थोडे राहिले असतील.

तर, फेब्रुवारी १९२१. लंडनमध्ये राहणारा एकोणतीस वर्षांचा एक विद्यार्थी प्रशियाच्या शिक्षण खात्याला अर्ज लिहितो. हाताने आणि जर्मन भाषेत. मागणी एवढीच की बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा. त्याच्याकडे कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. आहे, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास चालू आहे, शिवाय ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातलेलं आहे. एवढं सगळं हातात असताना तिसऱ्या देशातल्या विद्यापीठात अर्ज!

हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बाबासाहेबांचं कोलंबिया आणि लंडन आपल्याला पाठ असतं, बॉनचं प्रकरण मात्र पुस्तकात एका ओळीत संपतं. मला ते फार जवळचं वाटतं, कारण सध्या आमच्या घरात जर्मनीच्या अर्जांचं वातावरण आहे.

माझी धाकटी बहीण मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एम. एस. करायचंय. अमेरिकेचा हिशोब मांडला तेव्हा आकडा चाळीस लाखांच्या पुढे गेला आणि बँकेने तारण मागितलं. तारण म्हणजे आमचा राहता फ्लॅट, दुसरं काही नाहीच. मग ती म्हणाली, "दादा, जर्मनीत सरकारी विद्यापीठात ट्यूशन फीच नसते." पप्पा तिथेच पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "फुकट? आणि परक्या पोरांना? काहीतरी गोम असणार."

गोम आहे का, हे शोधायला मी बसलो आणि दीडशे वर्षं मागे गेलो. त्याचा हा भाग.

आधी आपल्याकडच्यांनी पैसे कसे उभे केले ते बघू. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर व्हायला गेल्या, त्यामागे एका मासिकात छापून आलेला पत्रव्यवहार होता. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो वाचला आणि एका अनोळखी मुलीला आपलं घर देऊ केलं. राहायची सोय झाली, निम्मा प्रश्न सुटला. आजही अर्ज करणाऱ्या कुणालाही विचारा, प्रवेशापेक्षा खोली मिळणं अवघड.

बाबासाहेबांचं १९१३ चं जाणं सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर झालं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आणि त्याला जोडून करार: परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानाची नोकरी. आपण ज्याला बॉन्ड म्हणतो तेच. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धाच झाला होता. १९१७ मध्ये तो तसाच टाकून यावं लागलं. लंडनला परतण्यासाठी विद्यापीठाने चार वर्षांची मुभा दिली, एवढाच दिलासा.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. तिथे काय झालं हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात लिहिलंय. (नाव ऐकून आपल्या पिढीला एम्बसीची रांग आठवेल, पण आतला मजकूर अस्पृश्यतेचा आहे.) कोलंबियात शिकून आलेल्या माणसाला बडोद्यात कुणी खोली द्यायला तयार नव्हतं. एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नाव घेऊन राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता, तरी बॉन्ड ज्या गावात पुरा करायचा त्या गावाने दार बंद केलं. बॉन्डची अट वाचताना आपण रक्कम आणि वर्षं बघतो. ती वर्षं कुठे, कुणात काढायची हे बघत नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी वेगळी मोट बांधली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि कोलंबियापासूनचे मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले. बचत, मदत आणि उसनवारी. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. चॉक फार्म भागातल्या किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरात ते काही काळ राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. तेव्हा मात्र दिवस ओढगस्तीचे होते. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, आणि जेवणावर खर्च जितका कमी होईल तितका.

आता बॉन. पहिल्या महायुद्धाआधी एका पौंडाला साधारण वीस मार्क मिळायचे. १९२१ च्या सुरुवातीला ते दोनशेच्या वर गेले होते. १९२२ उजाडताना सातशे-आठशे. ज्याच्या खिशात पौंड किंवा डॉलर आहे त्याला जर्मनी दर महिन्याला आणखी स्वस्त. युरोपभरातून परदेशी विद्यार्थी तिकडे वळले, आणि स्थानिक लोक चिडले, कारण त्यांच्या स्वतःच्या बचतीची माती होत होती. परदेशी पोरांकडून जास्त फी घ्या, ही मागणी तेव्हाही झाली आणि विद्यापीठांनी तशी फी घेतलीसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

यातली मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. बाबासाहेबांचा लंडनचा प्रबंध रुपयावर होता. चलनाचं मूल्य कशाने टिकतं आणि ते कोसळलं की कुणाचं नुकसान होतं, हाच प्रश्न. तो लिहिणारा माणूस अशा देशात प्रवेश घेत होता जिथे चलन डोळ्यांदेखत वितळत होतं. अर्थशास्त्राच्या दृष्टीने जर्मनीचा दबदबाही मोठा होता. कोलंबियातले त्यांचे प्राध्यापक सेलिगमन स्वतः जर्मनीत शिकलेले. बॉनची पदवी काही झाली नाही, लंडनच्या प्रबंधाने सगळा वेळ घेतला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' १९२३ मध्ये छापून आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका डॉलरला चार लाख कोटींहून जास्त मार्क पडत होते. हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर दोनदा तपासला.

सात वर्षांनी, म्हणजे १९२८ मध्ये, पुण्याहून इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. मार्क एव्हाना सावरला होता, त्यामुळे स्वस्ताईचा फायदा नव्हता. सासरे म्हणजे धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवलेला माणूस, आणि त्यांचाच या जाण्याला विरोध होता! पैसे आले ते जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जातून. नवरा दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आलेले, त्यांनी आग्रह धरला.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचा पुरस्कर्ता आणि पुढे नाझींच्या जवळचा. इरावतीबाईंना काम मिळालं कवट्या मोजायचं. फिशरची धारणा होती की गोऱ्या युरोपीय लोकांची कवटी डाव्या-उजव्या बाजूंनी वेगळी भरते आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे. इरावतीबाईंनी मोजमापं घेतली आणि तसा वांशिक फरक दिसत नाही, हे प्रबंधात लिहून दिलं. कर्ज काढून परदेशात आलेली, व्हायवा ज्याच्या हातात त्याच्याच विरुद्ध निष्कर्ष लिहिणारी पंचविशीची बाई. आपण गाइडने सांगितलं म्हणून प्रोजेक्टचे ग्राफ बदलणारे लोक, जाऊ दे.

पण पप्पांचा प्रश्न राहिलाच. फुकट कसं?

जर्मनीत आधी फुकट नव्हतंच. कितीतरी पिढ्या विद्यार्थी प्रत्येक व्याख्यानमालेसाठी वेगळे पैसे मोजत, ज्याला ऐकण्याचे पैसे असंच नाव होतं. ज्या प्राध्यापकाकडे गर्दी त्याची कमाई जास्त. म्हणजे आजच्या यूट्यूबसारखंच. पश्चिम जर्मनीत ही पद्धत १९७० मध्ये बंद झाली. त्यामागे साठच्या दशकातली विद्यार्थ्यांची आंदोलनं होती आणि शिक्षित माणसं हवी असलेलं औद्योगिक अर्थकारण होतं. खर्च कर भरणाऱ्यांच्या पैशातून राज्य सरकारं करतात. गोम म्हणायची तर हीच. बिल आहे, ते तिथल्या कामगाराच्या पगारातून कापून जातं.

आणि हे काही दगडावर कोरलेलं नाही. जानेवारी २००५ मध्ये तिथल्या घटनापीठाने निकाल दिला की फी लावायची की नाही हे राज्यं ठरवू शकतात. लगेच सात राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी लावली. पोरं रस्त्यावर आली. हेसेमध्ये निवडणूक झाली आणि २००८ मध्ये फी गेली. बव्हेरियात २०१३ च्या जानेवारीत लोकांनी नगरपालिकेत जाऊन सह्या केल्या. दहा टक्के मतदारांच्या सह्या लागत होत्या, चौदा टक्क्यांच्या वर झाल्या, आणि तिथलीही फी गेली. शेवटी २०१४ मध्ये लोअर सॅक्सनीनेही हात टेकले.

ही लढाई तिथल्या पोरांनी स्वतःसाठी लढली, आपण बाहेरचे तिच्या सावलीत बसलोय. सावली सरकतेय हेही बघा. २०१७ पासून बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग सगळी त्याच राज्यात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ पासून आपल्यासारख्यांना सत्राला २००० ते ६००० युरो लावलेत. १९२१ च्या त्या मागणीचाच हा पुढचा अंक.

माझ्या बहिणीची यादी यावरूनच बदलली. ती जुन्या व्हिडिओवर विसंबून बसली असती तर निम्मी नावं फी असलेली निघाली असती. तुम्हीही एजंटचा शब्द घेऊ नका, विद्यापीठाच्या पानावर त्या वर्षाची फी स्वतः बघा. एका कन्सल्टन्सीने तिला मोफत मार्गदर्शनाच्या नावाखाली चार नावं दिली, चारही खासगी, वर्षाला लाखोंची फी असलेली. सरकारी विद्यापीठाचं नाव काढलं की फोनवरचे सर विषय बदलायचे. का, ते समजायला बी. टेक. लागत नाही.

ट्यूशन फी नसली तरी वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. रुपयांत अकरा-बारा लाख धरा. ते बुडत नाहीत, आपणच खातो, पण एकरकमी उभे करावे लागतात. शिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीयांना ए. पी. एस. कडून कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. ते प्रमाणपत्र नसेल तर व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून ते सगळ्यात आधी.

आणि मार्कांचं गणित उलटं. तिथे १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर पास. बव्हेरियन सूत्र सोपं आहे: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि पासिंगमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. दहापैकी आठ सीजीपीए आणि पासिंग ४ असेल तर उत्तर २.०. पासिंग ५ धरलं तर २.२. बऱ्याच ठिकाणी २.५ ची अट असते, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचं पासिंग किती धरलं जातंय यावरही गाडी अडू शकते. बहिणीने २.१ सांगितल्यावर पप्पांचा चेहरा पडला होता.

पैशांचं आम्ही असं केलंय: चार लाख माझ्या बचतीतून, तीन पप्पांच्या पीएफमधून, बाकीचं विनातारण कर्ज. फ्लॅटचे कागद कपाटातच राहतील. त्या बदल्यात तिने रोज संध्याकाळी दीड तास जर्मनचा क्लास लावलाय. शिकवणं इंग्रजीतून असलं तरी नोकरीला भाषा लागते, आणि अभ्यासानंतर नोकरी शोधायला तिथे अठरा महिने मिळतात. परवा तिला बाबासाहेबांच्या त्या जर्मन पत्राबद्दल सांगितलं. तिने विचारलं, "त्यांना डेर, डी, डास जमत होतं का रे?"