वऱ्हाडचा कापूस व परक्या कापडावरील जकात

परक्या मुलखांतून पडत्या भावानें येणाऱ्या मालावर जबर जकात बसवावी कीं नाहीं, याची चर्चा आपल्याकडे बहुधा कारखानदाराच्या दृष्टीनेंच होते. परंतु त्या जकातीचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर जाऊन पडतो, हें पाहावयाचें असेल तर १९३३ सालच्या बुलढाणा जिल्ह्याकडे वळावें लागेल.

या जिल्ह्यांतील खामगांव ही कापसाची जुनी पेठ. १८७० सालीं जलंबहून तेथवर रेल्वेचा फांटा आला, तो मुख्यतः कापसाकरितांच. या भागांतील कापसाची सरकी काढून रुईच्या गांठी बांधल्या जात आणि वऱ्हाडच्या इतर रुईबरोबर त्याहि मुंबईच्या बाजारांत ‘ऊमरा’ या नांवानें विकल्या जात. ही रुई आंखूड धाग्याची. लँकेशायरच्या गिरण्यांना ती फारशी रुचत नसे. हिंदी कापसाचें सर्वांत मोठें परदेशी गिऱ्हाईक होतें तें जपान.

डिसेंबर १९३१ मध्यें जपाननें सुवर्णचलन सोडलें. येनचा भाव कोसळला आणि जपानी कापड हिंदी बाजारांत अतिशय स्वस्त झालें. गिरणीवाल्यांच्या तक्रारीची टॅरिफ बोर्डानें चौकशी केली. ऑगस्ट १९३२ मध्यें ब्रिटिशेतर कापडावरील जकात ५० टक्के झाली. जून १९३३ मध्यें ती ७५ टक्क्यांवर गेली. १९०४ चा हिंद-जपान व्यापारी करार संपविण्याची नोटीसहि त्याच वर्षीं देण्यांत आली. जपानी गिरण्यांनीं उत्तर दिलें तें हिंदी कापसावर बहिष्कार पुकारून, आणि तेंहि ऐन पेरणीच्या तोंडावर. भांडण मुंबई व ओसाका येथील गिरण्यांचें. पण मंदीनें आधींच वांकलेला वऱ्हाडी कुणबी त्यांत भरडला जाण्याची वेळ आली.

सप्टेंबर १९३३ मध्यें सिमल्यास वाटाघाटी सुरू झाल्या. हिंदुस्थान सरकारच्या बाजूनें सर जोसेफ भोर होते. जानेवारी १९३४ च्या समझोत्यानें जकात पुन्हां ५० टक्क्यांवर आली आणि कापड व कापूस एकाच दाव्याला बांधले गेले. जपाननें १० लाख गांठी घेतल्या तर त्यास ३२॥ कोटी वार कापड आणतां येई. १५ लाख घेतल्यास ४० कोटी. जकातीचा फेरविचार झाला, तेव्हां कोठें शेतकऱ्याच्या गांठीला तराजूंत स्थान मिळालें.

पुढें पारडें उलटें फिरलें. फेब्रुवारी २०२१ मध्यें परदेशी कापसावर सुमारें ११ टक्के जकात बसली. ऑगस्ट २०२५ मध्यें ती प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत व मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ झाली, म्हणजे नवा कापूस बाजारांत येण्याच्या हंगामांतच. १९३३ सालीं गिरणीसाठीं जकात चढली, २०२५ सालीं गिरणीसाठींच उतरली. गिरणी जगली पाहिजे, हें कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु अशा प्रत्येक फेरविचारांत खामगांवच्या पेठेंतील त्या दिवसाचा भावहि पुरावा म्हणून मांडला गेला पाहिजे, एवढें तरी हा इतिहास शिकवितो.